झेली आत्याच्या दोन सुया

माझी आत्या झेली पावसाला शिव्या घालत उठायची आणि पावसाला शिव्या घालत निजायची, आणि नेमकं तिच्याच कपाळी पावसाचं चित्र छापायचं काम आलं. पावसाचं चित्र पैसे देऊन कोण घेतं, खिडकी उघडा, फुकट दिसतं, असं ती तो सबंध नोव्हेंबर म्हणत होती. आणि आमच्या पॅरिसात नोव्हेंबरात खिडकी उघडली की दुसरं दिसणार तरी काय? ओल्या फरशा, ओल्या छत्र्या, ओली घोडी.

फोबूर सें-देनी रस्त्याच्या मागं एका अंगणात शिळाछापखाना होता, म्हणजे दगडावरून चित्रं छापायचा कारखाना, तिथं ती कामाला. एकोणीस वर्षं. त्याआधी अकरा वर्षं इस्त्रीवाली. लोकांच्या कॉलरी कडक करून करून तिचे तळहात भाजक्या पावासारखे झाले होते. नवरा फुल्जांस त्याच छापखान्यात जुनी चित्रं पुसायला दगड घासायचा. तो खोकून खोकून गेला तेव्हा मालकानं दया म्हणून हिला ठेवून घेतलं. वर्षभरात सगळ्यांना कळलं की दया कोणी कोणावर केली ते.

तिचं काम काय, तर कागद लावणं. ऐकायला सोपं. पण रंगीत चित्र एका दगडावर होत नाही, बरं का. जितके रंग तितके दगड. आधी काळ्या रेघा छापायच्या, कागद वाळू द्यायचा. मग करडा, पुन्हा वाळवण. मग निळा, मग पिवळा. दर वेळी तोच कागद नव्या दगडावर नेमका तिथल्या तिथं बसायला हवा, नाही तर माणसाची टोपी शेजारणीच्या डोक्यावर जाते. म्हणून कागदाच्या दोन टोकांना, चित्राच्या बाहेर, सुईची दोन भोकं असतात, आणि प्रत्येक दगडावर त्याच जागी कोरलेली दोन टिंबं. आत्याच्या दोन हातांत लाकडी मुठीच्या दोन सुया. भोकांतून सुया घालायच्या, टोकं टिंबांवर टेकवायची आणि कागद सुयांवरून अलगद खाली सोडायचा, झोपलेलं मूल अंथरुणावर ठेवतात तसा. दिवसातून दोनशे वेळा.

प्रेस फिरवायचा ओनेसीम. मिशाळ, आडवा माणूस, तोंडाळ असा की दाढदुखी परवडली. आत्या आणि तो एकोणीस वर्षं समोरासमोर उभे होते आणि एकोणीस वर्षांत एक दिवस असा गेला नाही की त्यांचं वाजलं नाही. तो तिला झेलीबाई म्हणायचा, तेही असं की जणू 'बाई' ही शिवी आहे. ती त्याला मेल्या म्हणायची. दहा वाजता तो आपल्या बाटलीतली वाईन पेलाभर प्यायचा, ती तिची चिकोरीची कॉफी, आणि तेवढा वेळ काय ती शांतता.

आता खरी गोष्ट. आत्याचे डोळे चालले होते. दोन हिवाळ्यांपासून. आधी दूरच्या पाट्या गेल्या. त्याचं तिला दुःख नव्हतं, वाचता कुठं येत होतं. मग जिन्याच्या पायऱ्या एकमेकींत मिसळायला लागल्या. संध्याकाळी गॅसचे दिवे लागले की प्रत्येक दिव्याला पिवळी फुगीर पाकळी फुटायची, आणि ती पाकळी दिव्यावर बसायची नाही, जरा बाजूला लोंबायची. टिंबं तर केव्हाच दिसेनाशी झाली. पण बोटं शहाणी होती. सुईचं टोक दगडावरून सरकवलं की टिंबाच्या खड्ड्यात ते आपसूक बसायचं, विहिरीत घागर बसावी तसं. डोळे नसले तरी चालतं हे तिला कळलं आणि तिनं ते कोणाला सांगितलं नाही.

सांगून करणार काय होती? डोळे गेले हे कळलं असतं तर शहराबाहेर मोंत्रयला लेकाकडं जावं लागलं असतं. लेक गरीब गाय. सून अर्मांस. तिनं स्वयंपाकघरामागची कोळशाची खोली आत्यासाठी दोन वर्षांपासून रिकामी करून ठेवली होती आणि दर रविवारी ती सांगायची, आई, आता पुरे झालं, या इकडं, पोरं सांभाळा. आणि पोरं किती, तर पाच, आणि सहावं वाटेवर. शिवाय त्या घरात दिवसभर कोबी शिजायचा. मी कोबीच्या वासात मरणार नाही, मी शाईच्या वासात मरीन, असं आत्या आमच्या आईला म्हणाली होती. एवढंच तिचं मागणं होतं देवाकडं: पाचव्या मजल्यावरची आपली खोली, जिरेनियमची कुंडी, आणि हातात त्या दोन सुया.

अशात ते पावसाचं चित्र आलं.

काढणारा होता सिप्रियां नावाचा. लांबलचक, गोड बोलणारा, बारीक मानेचा. त्यानं चौक काढला होता, संध्याकाळचा: पाऊस पडतोय, छत्र्यांची गर्दी, घोड्यांची बस, आणि उजव्या अंगाला दिव्याचा खांब, ज्याचा पिवळा उजेड ओल्या फरशीवर सांडलाय. शंभर प्रती हव्या होत्या, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुकानात टांगायला. रीत अशी की पहिला उत्तम उतरलेला कागद चित्रकारापुढं ठेवायचा. त्याला पसंत पडला की तो कोपऱ्यात सही करतो, आणि सहीचा कागद भिंतीला लागतो. तो कायदा. उरलेले शंभर त्याच्यासारखे हवेत. मालकाचंही त्याच्यापुढं चालत नाही.

सिप्रियां साहेबानं सही केली, आणि मग तो घरी जाईल अशी सगळ्यांची समजूत. कसचं काय. रोज सकाळी दहाला हजर. नेमका ओनेसीमच्या वाईनच्या वेळी. करडा जरा जास्त करडा झाला का? निळ्यात थोडी संध्याकाळ हवी होती. ओनेसीमनं विचारलं, साहेब, संध्याकाळ किलोनं घालायची की चमच्यानं? साहेब हसला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. पावसाचा वास कागदाला यायला हवा म्हणाला. आत्या म्हणाली, वास येतोय, साहेब, तुमच्या बुटांना येतोय. तो त्यालाही हसला. ज्याला राग येत नाही अशा माणसाचा फार राग येतो.

आणि पाऊस. सोळा दिवस उघडीप नाही. वाळायला घातलेला कागद वाळेना, शेगडी धुरकटली, अंगणातली फरशी शेवाळली. मालकाचं नाव देलमास. तो रोज वरच्या कचेरीतून खाली येऊन आभाळाकडं बघायचा आणि आत्याकडं बघायचा, जणू तिनंच नळ सोडून ठेवलाय.

सतराव्या दिवशी पिवळा चढवायला घेतला. शेवटचा दगड. वरच्या फळीवरचे पहिले पन्नास कागद लोण्यासारखे गेले. दिवा दिव्याच्या जागी, उजेड उजेडाच्या जागी. जेवणाची सुट्टी झाली. नंतर खालच्या फळीवरचा गठ्ठा घेतला, आणि आत्याच्या हाताला काहीतरी चुकल्यासारखं लागलं. डावी सुई टिंबात बसली. उजवी बसेना. ओढून बसवावी तर डावी उठते. तिनं श्वास धरला, कागद किंचित दाबला, सोडला. ओनेसीमनं प्रेस फिरवलं, कागद उचलला, आणि तो बोलेना.

तो बोलेना म्हणजे काहीतरी भयंकर झालं हे आत्याला कळलंच.

"झेलीबाई," तो शेवटी म्हणाला, "तुमचा दिवा खांबावरून उतरून फिरायला निघालाय."

दुसरा लावला, तोच प्रकार. तिसरा, चौथा. जवाच्या दाण्याएवढा, पण पिवळा सरकलाय. आत्या म्हणाली, कागद वाढलाय. ओनेसीम म्हणाला, कागद काय तुमचा नातू आहे वाढायला? ती म्हणाली, मेल्या, ओढ लागतेय, हाताला कळतंय. तेवढ्यात मालक खाली आला, आणि त्याच्यामागं सिप्रियां साहेब. त्या दिवशी तो सकाळी येऊन समाधान पावला नव्हता, मालकाकडं जेवायलाच थांबला होता.

मालकानं सरकलेला कागद सहीच्या कागदाशेजारी धरला. त्याच्या मानेवर लाली चढली. कागद वाढला वगैरे त्यानं ऐकूनच घेतलं नाही. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणाला. इतके दिवस सरळ बसणारा कागद आजच कसा वाढला? सगळं तेच आहे, दगड तोच, प्रेस तेच, माणूस तोच. मग बदललंय काय? आणि त्यानं आत्याच्या तोंडाजवळ येऊन तिच्या डोळ्यांत बघितलं. आत्या सांगायची, गाय घेणारा बघतो तसं.

मग त्यानं चित्रातल्या एका दुकानाच्या पाटीवर बोट ठेवलं. वाचा.

आत्या म्हणाली, मालक, मला वाचता येत नाही हे तुम्हाला एकोणीस वर्षं माहीत आहे.

बरं, छत्र्या किती आहेत ते सांगा.

आत्याला त्या जागी नुसता ओला काळोख दिसत होता. पण जीभ कुठं गेली नव्हती. म्हणाली, पाऊस पडतोय, जितकी शहाणी माणसं तितक्या छत्र्या. ओनेसीम फसकन हसला. मालकालाही क्षणभर वाटलं असेल की जाऊ द्यावं. इथंच ते निभलं असतं. पण मालकानं सरकलेला कागद पुन्हा तिच्यापुढं धरला, दिव्यावर बोट ठेवलं आणि चिडून विचारलं, निदान हे तरी दिसतंय ना, काय चुकलंय ते?

आत्यानं कागद नाकाशी नेला. काळा खांब दिसला. त्याच्या बाजूला लोंबणारी पिवळी पाकळी दिसली. रोज संध्याकाळी घरी जाताना दिसायची तशीच्या तशी. आणि ती मनापासून बोलून गेली.

"यात काय चुकलंय? पावसात दिवा असाच दिसतो."

 मालकानं कागद खाली घेतला. आत्याला वाटलं आपण सुनेच्या त्या कोळशाच्या खोलीचं दार आपल्याच हातानं उघडलं. कोबीचा वाससुद्धा आला म्हणायची.

मालक हळू आवाजात बोलला, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. शनिवारपर्यंत थांबा, झेलीबाई, म्हणाला. सोमवारी माझ्या मेव्हण्याची बायको येईल तुमच्या जागी. तुमचा काही दोष नाही, वय आहे.  सिप्रियां साहेब मात्र दार उघडून अंगणात गेला, तसाच, डोक्यावर काही न घेता. त्याच्याकडं कोणाचं लक्ष नव्हतं.

आत्या आपलं सामान गोळा करायला कोपऱ्यात गेली. सामान म्हणजे कॉफीचा कप, एक शाल आणि फुल्जांसची जुनी टोपी, जी ती सुया पुसायला वापरायची. कप खालच्या फळीच्या टोकाला असायचा. तिनं हात घातला, आणि हात ओला झाला.

फळी ओली. फळीखालची फरशी ओली. कागदाच्या गठ्ठ्याची कड तिनं चाचपली. मऊ, गार, पाण्यात पडलेल्या पावासारखी. आणखी पुढं हात नेला तर काय लागलं? मूठ. कोरीव, बदकाच्या चोचीची. सिप्रियां साहेबाची छत्री. फळीला टेकवून ठेवलेली, टपाटपा गळत. सोळा दिवस, रोज दहा वाजता तो यायचा, बोलण्याच्या नादात आपली भिजकी छत्री तिथंच कोपऱ्यात टेकवायचा, आणि जाताना घेऊन जायचा. आज सकाळपासून ती तिथंच होती.

आत्याचा रागच मोठा. रडायला येत होतं ते रागानं वाळलं. तिनं छत्री उचलली, सगळ्यांच्या मधून चालत गेली, आणि ती उघड्या दारातून अंगणात भिरकावली. मग परत आली, मालकाचा हात धरला (मालकाचा, बरं का, ज्याचा हात नववर्षाच्या दिवशीसुद्धा कोणी धरत नाही) आणि त्याच्या मुठीत दोन सुया कोंबल्या.

"लावा," ती म्हणाली. "माझे डोळे गेलेत. दोन वर्षं झाली. पण तुमचे तर आहेत ना? तुम्ही लावा."

मालक सुया धरून उभा. ओनेसीमनं मान डोलावली, लावून तर बघा म्हणाला. आत्यानं आधी छापायचा राहिलेला वरच्या फळीवरचा एक कागद दिला. मालकाच्या हातून इकडंतिकडं झालं, पण दोन्ही सुया बसल्या. मग खालचा ओला कागद. डावी बसली. उजवी टिंबाच्या बाहेर, जवाच्या दाण्याएवढी. मालकानं ओढलं. दाबलं. कपाळावर घाम आला. कागद मधोमध फुगला, पण बसला नाही. त्यानं दुसरा घेतला, तिसरा घेतला. दगड तर खोटं बोलत नाही.

आत्या म्हणाली, "आता सांगा, वय कोणाचं झालंय. माझं का कागदाचं?"

मालक सुया खाली ठेवून गठ्ठ्यापाशी गेला, हात लावला, फरशीवरचं डबकं बघितलं, आणि त्याला सगळं उमगलं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली हे त्याच्या तोंडावर दिसत होतं, म्हणजे ओनेसीमनं नंतर तसं सांगितलं. आत्याला तोंड कुठं दिसत होतं. पण मालकानं माफी मागितली नाही. ती जातच नाही माफी मागणारी. तो म्हणाला, कागदाचं खरं असेल, पण डोळ्यांचं काय? तुम्ही आत्ताच कबूल केलंत.

एवढ्यात अंगणातून सिप्रियां साहेब आत आला. केसांतून पाणी, नाकावरून पाणी, कोटाची वाट लागलेली. हातात मोडलेली छत्री, तिच्याकडं त्याचं ध्यानही नाही. तो म्हणे इतका वेळ अंगणाच्या फाटकाशी उभा राहून गल्लीतला दिवा बघत होता. आभाळ दाटलं म्हणून त्या दिवशी तो लवकर लागला होता.

"बाई बरोबर बोलतायत," तो म्हणाला. "उजेड दिव्यावर बसत नाही. पावसात तो बाजूला होतो."

मालक म्हणाला, साहेब, तुमच्या डोळ्यांत पाणी गेलंय. पण साहेब ऐकण्यातला नव्हता. त्यानं सरकलेला कागद उचलला, लांब धरला, जवळ धरला, मान वाकडी केली. मग भिंतीवरचा सहीचा कागद काढला, आपली सही खोडली, आणि सरकलेल्या कागदाच्या कोपऱ्यात नवी सही ठोकली. हा माझा पाऊस, म्हणाला. शंभरही असेच हवेत.

आत्या सांगायची, तिला त्या माणसाचा जेवढा राग तेव्हा आला तेवढा सोळा दिवसांत आला नव्हता. कारण आता काय झालं बघ. सरळ उतरलेले पन्नास कागद रद्दी झाले आणि वाया गेलेले चार-पाच उत्तम ठरले. सहीचा कागद म्हणजे कायदा. खालचे ओले वाळले की चालतील, पण ते पन्नास पुन्हा पहिल्या दगडापासून, काळा, करडा, निळा, आणि बाहेर तोच मुसळधार. मालक जिन्याच्या पायरीवर बसला. ओनेसीमनं वाईनची बाटली उघडली, दहा वाजलेले नसताना.

मग मालक उठला आणि पडेल आवाजात आत्याला म्हणाला, ठीक आहे, तुम्हीच करा. जवाच्या दाण्याएवढा वाकडा लावायचा. मेव्हण्याची बायको सरळ लावायला शिकेल, पण इतका मापात वाकडा तिला जन्मात जमायचा नाही. शनिवारचं राहू द्या.

कोणीही दुसरी असती तर पायाच पडली असती. जागा परत मिळत होती. पण आत्या ती आत्याच. नाही म्हणाली. एकोणीस वर्षांत मी एक कागद वाकडा लावलेला नाही, आणि आता मुद्दाम लावू? फुल्जांस वरून बघतोय. पाठवा मला मोंत्रयला, पण वाकडा कागद माझ्या हातून जाणार नाही. सिप्रियां साहेब म्हणायला लागला की बाई, ते वाकडं नाहीच, ते खरं आहे. ती म्हणाली, साहेब, तुम्ही खरं काढा, आम्ही सरळ लावतो.

मालकानं केस धरले. जीव अगदी मेटाकुटीला आला त्याचा. आणि मग ओनेसीमनं पेला खाली ठेवला, मोठा उसासा टाकला, खिशातून बारीक गिरमिट काढलं आणि पिवळ्या दगडावर वाकला. जुन्या टिंबांपासून जवाच्या दाण्याएवढी दोन नवी टिंबं कोरली. जुनी बुजवली. झालं. आता आत्यानं कागद अगदी सरळ लावायचा, टिंबावर टिंब. सरकायचं ते दगड सरकेल. हे आधी कोणाला का सुचलं नाही, तर सगळे भांडण्यात गुंतले होते.

आत्यानं बोट टेकवून टिंबं चाचपली. नेहमीसारखी खोल, गोल, छान. बरी आहेत म्हणाली. मालकानं खाली वाकून पाहिलं आणि त्याच्या भुवया चढल्या. इतकी खोल? पलीकडच्या प्रेसवरच्या दगडांना तर सुईनं टोचल्याएवढीच टिंबं असतात. दगड पुन्हा घासायला दुप्पट वेळ लागत असणार. कोण कोरतंय ही?

ओनेसीमनं मिशी पुसली. मी, म्हणाला.

कधीपासून?

"दोन हिवाळे झाले," तो म्हणाला. "रोज सकाळी हिच्याआधी येऊन. हिची दिवसभराची कटकट ऐकण्यापेक्षा दोन भोकं पाडणं स्वस्त पडतं."

म्हणजे बघ. आत्याला वाटत होतं आपण सगळ्यांना फसवलं. वाटत होतं बोटं शहाणी झाली. आणि हा मेला रोज सकाळी अर्धा तास आधी येऊन, गिरमिट घेऊन, तिच्या बोटांसाठी खड्डे खणत होता, आणि दिवसभर तिला टोमणे मारत होता, की तिला संशय येऊ नये. ती त्याचे आभार मानेल असं वाटलं का तुला? तिनं त्याला असं काही झापलं की पलीकडच्या प्रेसवरची माणसं बघायला आली. मी विचारलं होतं का? मी तुझ्याकडं भीक मागितली होती का? तो म्हणाला, नाही, भीक मागितली असती तर दिली नसती. शनिवारपर्यंत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. रविवारी मात्र मोंत्रयहून येताना सुनेच्या हातची सफरचंद भरलेली एक भाजकी पोळी आणून सोमवारी त्याच्या बाटलीशेजारी ठेवली. त्यानं ती खाल्ली आणि कवच जळलंय म्हणाला. सगळं पूर्ववत झालं.

मालकानं काय केलं? काही नाही. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मेव्हण्याची बायको सोमवारी आली ती पुठ्ठे बांधायला, आणि तिथंच राहिली. आत्या त्या प्रेसवर आणखी सात वर्षं उभी होती, ओनेसीमचे गुडघे जाईपर्यंत. त्याचे गुडघे गेले, मग तिला म्हणे कामात राम उरला नाही, आणि ती आपणहून सुया ठेवून आली. त्यातली एक माझ्याकडं आहे, लोकर विणताना अडकलेला टाका मी त्या सुईनं काढते.

चित्र? रद्दीतलं एक सरळ तिनं मागून घेतलं, शेवटपर्यंत तिच्या खाटेवर टांगलेलं होतं. दुकानात लागलेल्या शंभरांतलं नव्हे. ते वाकडं आहे म्हणायची. आम्ही म्हणायचो, आत्या, तुला दोन्ही सारखीच दिसतात. ती म्हणायची, तुम्हाला माहीत आहे ना कुठलं आहे ते, मग झालं.

पण त्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशीची, मंगळवारची गोष्ट राहिली. पाऊस होताच. पन्नास नवे कागद काळा घेऊन फळीवर वाळत पडले होते, आणि आत्यानं भल्या सकाळी दाराबाहेर पायरीजवळ एक लोखंडी बादली आणून ठेवली होती. दहा वाजले. ओनेसीमनं बाटली उघडली. दार उघडलं, पावलं वाजली, गोड आवाजात कोणीतरी सुप्रभात म्हणालं. साहेबानं नवी छत्री घेतली होती, म्हणे आधीच्या छत्रीपेक्षा भारी. आत्यानं मान वर केली नाही, तिला मान वर करून दिसणार तरी काय होतं. तिनं फक्त ऐकलं: टप, टप, टप, आणि ते टपटप सरळ फळीच्या दिशेनं चाललेलं.

"बाहेर," ती म्हणाली.

आणि सिप्रियां साहेब, सगळं पॅरिस ज्याचा पाऊस बघायला येणार होतं तो, मुकाट्यानं मागं वळला आणि छत्री बादलीत ठेवून आला. त्या दिवसापासून छापखान्यात जो येई तो आधी बादली शोधी. मालकसुद्धा.